कॉलर, बटण आणि कलम १३२

आमच्या शेजारच्या घरात सासरे निवृत्त सहायक फौजदार आणि सून फौजदारी वकील. आबांनी उभी नोकरी माणसं आत घालण्यात काढली, सून ती बाहेर काढते; हे आबाच येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात आणि सांगताना सुनेचा अभिमान लपवत नाहीत. दोघांचं एरवी छान जमतं. वाजतं ते एकाच कलमावरून. जुन्या दंडसंहितेतलं तीनशे त्रेपन्न, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेतलं एकशे बत्तीस. लोकसेवकाला कर्तव्यापासून परावृत्त करण्यासाठी हमला किंवा फौजदारीपात्र बलप्रयोग.

परवा या वादात मी आयताच सापडलो. माझ्या पुतण्याला पोलीस ठाण्यात हजर राहण्याची नोटीस आली होती आणि ती घेऊन मी त्यांच्याकडे गेलो होतो.

आबांनी नोटीस वाचली, चष्मा काढला. "काय केलं यानं?"

"तो म्हणतो काही नाही. स्टँडसमोरच्या चौकात हवालदारानं गाडी अडवली आणि किल्ली काढून घेतली. यानं ती परत ओढली. मग शब्दाला शब्द वाढला."

"आणि फिर्यादीत काय आहे?" सूनबाईंनी विचारलं. माझ्या उत्तराची वाट न बघता त्यांनी स्वतःच म्हणायला सुरुवात केली, डोळे मिटून, आरती म्हणावी तशी. "मी सरकारी गणवेशात माझे शासकीय कर्तव्य बजावत असताना यातील आरोपीने माझ्याशी हुज्जत घालून, शिवीगाळ व दमदाटी करून, माझे अंगावर धावून येऊन, माझे गणवेशाची कॉलर पकडून, धक्काबुक्की करून शर्टाचे बटण तोडले व सरकारी कामात अडथळा निर्माण केला. बरोबर?"

मी एफआयआरची प्रत पुढे केली. मुळात बटण आधी तुटलं होतं आणि धक्काबुक्की नंतर होती. बाकी शब्द न् शब्द तोच.

"फिर्याद ठरावीक शब्दांत लिहिली म्हणून खोटी होत नाही," आबा म्हणाले. "तुमच्या जामिनाच्या अर्जात तरी काय असतं? प्रत्येक आरोपी घरातला एकटा कमावता आणि प्रत्येकाची आई आजारी."

सूनबाई हसल्या, पण मुद्दा सोडला नाही. "काका, एक गोष्ट आधी नीट समजून घ्या. पोलिसाचा अपमान असा स्वतंत्र गुन्हा आपल्या कायद्यात नाही. कोर्टाला अवमानाचा कायदा आहे, पोलिसाला नाही. तुमच्या पुतण्यानं हवालदाराला अरे-तुरे केलं असेल, आवाज चढवला असेल, 'तुझी तक्रार करतो' म्हणाला असेल. ते वाईट असेल, पण १३२ नव्हे. कोणालाही भांडण पेटेल अशा हेतूनं मुद्दाम अपमानित केलं तर ३५२ आहे, सार्वजनिक ठिकाणी अश्लील शिव्या दिल्या तर २९६ आहे. ती कलमं तुम्हाला-मला लागू तशीच पोलिसालाही. वर्दीसाठी खास म्हणून जे आहे ते हाताला आहे, जिभेला नाही."

"असं एका झटक्यात उडवू नकोस," आबा म्हणाले. "हमल्याच्या व्याख्येखालचं स्पष्टीकरण वाच. नुसते शब्द म्हणजे हमला नाही, हे खरं. पण शब्दांनी हातवाऱ्याला अर्थ येतो, आणि तसा अर्थ आला की तोच हातवारा हमला होतो. उदाहरणंही दिली आहेत. माणूस काठी उचलतो आणि म्हणतो, तुला बडवतो. मारलेलं नाही अजून. तरी हमला झाला."

"हो, आणि दुसऱ्या उदाहरणात कुत्रा आहे. समोरच्याला भीती वाटावी म्हणून पिसाळखोर कुत्र्याची मुसकी सोडायला लागला, तरी हमला."

हे उदाहरण १८६० पासून कायद्यात बसून आहे आणि आता नव्या संहितेतही आलं आहे. मला ते फार आवडतं. त्यात कुत्रा अजून कुणाला चावलेला नाही, नुसती मुसकी सुटायला लागली आहे. कायद्यानं बोट ठेवलंय ते समोरच्याच्या मनात उभ्या राहिलेल्या भीतीवर आणि ती उभी करण्याच्या हेतूवर. आता या व्याख्येला चौकातला एक तापलेला प्रसंग लावून बघा. वीस-बावीस वर्षांचा पोरगा, हातात हेल्मेट, तो हात हलवत बोलतोय. हवालदाराला वाटलं हेल्मेट मारतो. पोराला वाटलं मी समजावून सांगतोय. हमला झाला की नाही?

"म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाकडे बघावं लागतं," सूनबाई म्हणाल्या. "२०१५ ची केस आहे, बंगळूरची. एका जोडप्याच्या गाडीचा रिक्षाला अपघात झाला. वाहतूक पोलीस ठाण्यात आपल्याशी वाईट वागले म्हणून त्यांनी बंगळूर वाहतूक पोलिसांच्या फेसबुक पानावर जाऊन तक्रारवजा मजकूर लिहिला. त्याबद्दल त्यांच्यावर ३५३ आणि ५०६. सर्वोच्च न्यायालयानं गुन्हा रद्द केला. फेसबुकवर लिहिण्यात कुठला हमला आणि कुठलं बळ? दुसरी २०२५ ची, तीही बंगळूरचीच. केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या कार्यालयात एक माणूस फाइल बघायला गेला आणि तिथल्या कर्मचाऱ्यांवर ओरडला, धमकावलं, असा आरोप. ओरडणं आणि धमकावणं एवढ्यानं हमला होत नाही म्हणून तोही गुन्हा रद्द झाला."

"दिल्लीला जाऊन रद्द झाला ना? किती वर्षांनी आणि किती पैशांनी?" मी विचारलं.

"तेच तर माझं दुखणं आहे," त्या म्हणाल्या.

आबांना हे रुचलं नाही. "तुमची दुखणी कोर्टात आहेत, आमची रस्त्यावर असतात. बंगळूरच्या फेसबुकचं मला सांगू नका. रात्री दीड वाजता नाकाबंदीला आम्ही दोघं. एक मी, एक होमगार्ड. वाळूचा डंपर येतोय, मी बॅटरी हलवतोय, आणि त्यानं वेग कमी करायच्या ऐवजी वाढवला. मी बॅरिकेडसकट खड्ड्यात. तो डंपर कुणाचा ते अख्ख्या तालुक्याला माहीत. सकाळी माझ्या साहेबांना फोन आला, 'पोरगं घाबरलं होतं, बघा जरा.' त्या दिवशी माझ्यामागं हे कलम नसतं तर काय होतं? माझा तोंडी जबाब आणि त्याच्या मालकाचा फोन."

"आबा, डंपर अंगावर घालणं म्हणजे मारण्याचा प्रयत्न. त्याला १३२ कशाला?"

"लावायचं कोण? मी लावलं असतं; साहेबांनी लावू दिलं असतं का, ते वेगळं. पण ३५३ ला साहेबही नाही म्हणू शकले नाहीत. ते अंगावरच्या वर्दीचं कलम आहे." मग जरा थांबून म्हणाले, "खारला २०१६ च्या ऑगस्टमध्ये विलास शिंदे म्हणून आमचे वाहतूक हवालदार गेले. पेट्रोल पंपावर विनाहेल्मेट पोराला अडवलं. पोरगा अल्पवयीन. त्यानं भावाला बोलावलं. डोक्यात मारलं, ३१ तारखेला दवाखान्यात गेले. हेल्मेट घाल एवढंच म्हणाले होते ते. आणि २०१३ चा मार्च आठव. सी-लिंकवर आमदाराची गाडी अडवली म्हणून वाहतूक शाखेच्या अधिकाऱ्याला विधानभवनाच्या आवारात मारहाण. पाच आमदार निलंबित झाले. जिथं कायदे होतात तिथं ही गत, मग चौकात काय?"

यावर सूनबाई काही बोलल्या नाहीत. बोलण्यासारखं नव्हतंही. अशाच घटनांच्या मागोमाग महाराष्ट्रानं ३५३ ची शिक्षा दोन वर्षांवरून पाच वर्षांवर नेली, आणि खटला सत्र न्यायालयात चालेल असं ठरवलं. २०१८ च्या जूनपासून हे लागू झालं. पोलिसांइतकंच ते तलाठी, ग्रामसेवक, एसटीचे वाहक, सरकारी दवाखान्यातले डॉक्टर यांनाही लागू, कारण कलमातला शब्द लोकसेवक आहे. कर्मचारी संघटनांनी स्वागत केलं. आणि मग, हे गमतीचं आहे, काही वर्षांतच आमदार सभागृहात उठून सांगू लागले की या कलमाचा आमच्यावर गैरवापर होतोय.

"त्या पाच वर्षांनी काय साधलं, सांगा," सूनबाईंनी धागा पुन्हा उचलला. "विलास शिंद्यांच्या केसमध्ये खुनाचं कलम लागलं. ते आधीपासून होतं. डंपरवाल्याला मारण्याच्या प्रयत्नाचं लागतं, तेही होतं. खरोखर जखम झाली तर जुनं ३३२, आता १२१. दुखापतीला पाच वर्षांपर्यंत, गंभीर दुखापतीला किमान एक वर्ष ते दहा वर्षं. म्हणजे ज्याचं रक्त सांडलं त्याच्यासाठी कायदा तोकडा नव्हता. पाच वर्षांचा वाढीव भार पडला तो कॉलर-बटणवाल्यांवर. मॅजिस्ट्रेटसमोर जे प्रकरण दोन-तीन वर्षांत संपलं असतं ते सत्र न्यायालयात गेलं. तिथं खुनाचे, बलात्काराचे, पोक्सोचे खटले रांगेत, त्यांच्या मागे आमचं बटण."

"आता?"

"आता मागचं सगळं पुसलं. ती दुरुस्ती दंडसंहितेची होती. दंडसंहिता गेली तशी तीही गेली. न्याय संहितेच्या १३२ मध्ये शिक्षा पुन्हा दोन वर्षं किंवा दंड किंवा दोन्ही, आणि खटला मॅजिस्ट्रेटपुढं. ३० जून २०२४ पर्यंतचे गुन्हे मात्र जुन्याच कायद्यानं चालणार. एकाच चौकात, एकाच हवालदाराची कॉलर जूनच्या तीस तारखेला धरली तर पाच वर्षं आणि जुलैच्या एक तारखेला धरली तर दोन."

आबा खिन्न झाल्यासारखे वाटले. "म्हणजे आमच्यासाठी जे केलं होतं ते गेलंच."

"तुमच्यासाठी काहीच केलं नव्हतं आबा. रात्रीच्या नाकाबंदीला दोघांऐवजी सहाजण दिले असते, तर ते तुमच्यासाठी केलं असतं. पाच वर्षं कागदावर लिहायला पैसे लागत नाहीत."

इथं मी सूनबाईंच्या बाजूचा. एखाद्या घटनेनं लोक खवळले की शिक्षेचा आकडा वाढवणं हा सरकारचा सगळ्यात स्वस्त उपाय असतो. डंपर चालवणाऱ्यानं त्या रात्री दोन की पाच याचा हिशेब केला नव्हता. त्यानं केलेला हिशेब सकाळच्या फोनचा होता.

तेवढ्यात मी माझा बाळबोध उपाय सुचवला. पुतण्याला घेऊन जातो, हवालदारांची माफी मागायला लावतो, विषय संपवतो.

दोघंही एकदम "नाही" म्हणाले. संबंध दुपारभरात त्यांचं एकमत झालेली ही पहिली गोष्ट.

"माफी माग, जरूर माग," आबा म्हणाले, "पण त्यानं केस मिटत नाही. हे तडजोडीचं कलम नाही. हवालदारानं उद्या लिहून दिलं की माझी तक्रार नाही, तरी मॅजिस्ट्रेट ती बंद करू शकत नाही. फिर्यादी हवालदार असला तरी केस सरकारची."

"उच्च न्यायालयात जाऊन गुन्हा रद्द करून घ्यावा लागतो," सूनबाई म्हणाल्या, "आणि नुसती तडजोड झाली म्हणून न्यायालय तिथं सहजी मानत नाही, कारण लोकसेवकाच्या कामाशी संबंध येतो. शिवाय माफीत काय लिहिता त्यावर खूप आहे. 'माझा राग अनावर झाला व मी त्यांना ढकलले त्याबद्दल क्षमस्व' असं पोरानं भोळेपणानं लिहून दिलं, की तोच कागद फिर्यादीला जोडला जाईल."

मला अटकेची धास्ती होती. गुन्हा अजामीनपात्र आहे असं एफआयआरवर दिसत होतं आणि घरी वहिनींनी रडून गोंधळ घातला होता. सूनबाईंनी समजावलं, की अजामीनपात्र असला तरी जामीन मिळतो. फरक एवढाच की तो हक्क म्हणून ठाण्यातच मिळत नाही, कोर्टाकडे मागावा लागतो. शिवाय २०१४ च्या अर्णेश कुमार निकालापासून सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात उठसूट अटक करता येत नाही. आधी हजर राहण्याची नोटीस, अटक केलीच तर तिची लेखी कारणं. पुतण्याला आलेला कागद तोच होता. तो घाबरण्याचा कागद नव्हताच. तो चुकवला असता तर मात्र घाबरावं लागलं असतं.

"पण खरी शिक्षा इथून पुढं आहे," त्या म्हणाल्या. "दोषारोपपत्र दाखल झालं की पासपोर्टला कोर्टाची परवानगी लागणार. सरकारी नोकरीचा फॉर्म भरला की चारित्र्य पडताळणीत खरं लिहावं लागणार. लपवलं आणि सापडलं तर मिळालेली नोकरी जाऊ शकते. तारखा, वकिलाची फी, रजा. पाच-सहा वर्षांनी निर्दोष सुटला तरी ही वर्षं कोण देणार? अशा केसमध्ये शिक्षा किती होतात हे माझ्या अशिलांना कळायच्या आत त्यांची शिक्षा भोगून झालेली असते."

"तुझा अशील निर्दोष सुटतो कारण पंच फितूर होतात," आबा म्हणाले.

"आणि पंच तुमच्या ठाण्याबाहेरचे चहावाले असतात."

आता वाद रंगला. खरा प्रश्न इथंच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सूनबाईंचं म्हणणं असं. नुसता अडथळा, म्हणजे जुनं १८६, आता २२१, याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा अडीच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याची दखल कोर्टानं घ्यायची तर त्या लोकसेवकाची किंवा त्याच्या वरिष्ठाची लेखी तक्रार थेट कोर्टात यावी लागते. ही अट मुद्दाम घातली आहे, कुणीही उठून कुणालाही अडकवू नये म्हणून. १३२ ला ती अट नाही. मग ठाण्यात सोपा रस्ता कुठला? अडथळ्याला कॉलर जोडायची, की प्रकरण दखलपात्र आणि अजामीनपात्र. वर्तमानपत्रं दोन्हीला 'सरकारी कामात अडथळा' म्हणतात, त्यामुळे बाहेर कुणाला फरकही कळत नाही. १९६६ साली ओडिशातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हे दोन गुन्हे वेगळे आहेत असं सांगितलं, आणि त्याच वेळी नुसतं लेबल बदलून ती अट चुकवता येणार नाही हेही बजावलं. पण लेबल बदललं की नाही हे ठरतं खटल्याच्या शेवटी.

"आणि फिर्यादी हवालदार, साक्षीदार त्याच्या शेजारी उभा असलेला शिपाई, तपास त्याच ठाण्याचा उपनिरीक्षक करणार. तिघं एका डब्यातलं जेवतात."

"मग कुणी करायचा तपास?" आबा उसळले. "तलाठ्याला मारलं तर तपास आम्ही करतो. डॉक्टरला मारलं तर आम्ही. आम्हाला मारलं तर तहसीलदारानं करायचा?"

"दुसऱ्या ठाण्यानं करावा. एवढं तरी."

आबा गप्प झाले. मग हळू आवाजात जे बोलले त्याची मला अपेक्षा नव्हती. "लावलंय मीही. साहेब म्हणायचे, फार बोलतोय का, लाव ३५३. मोर्चात पुढं असलेल्याला, साहेबांशी वाद घातलेल्या पत्रकाराला. एकदा तर भाजीवालीला. बटण माझंच होतं, आणि ते तिनं नव्हतं तोडलं. धुताना तुटलं होतं. जप्ती पंचनामा करून पाकिटात घालून सील केलं." त्यांनी सुनेकडे बघितलं नाही. "पण म्हणून डंपर खोटा ठरत नाही, पोरी. दोन्ही खरं आहे."

सूनबाईंनी भाजीवालीचं पुढं काय झालं ते विचारलं नाही. मीही नाही.

विषय बदलावा म्हणून मी किल्लीचं काढलं. हवालदाराला किल्ली काढायचा अधिकार आहे का? नसेल तर पोरानं ती परत ओढली यात काय चुकलं?

"किल्ली काढायचं कुठल्या कलमात लिहिलंय ते मला विचारू नका," आबा म्हणाले. "चावी ठेवली तर गाडी अंगावर घालून पळतात म्हणून काढतो. कायद्यात वर्दीतल्या पोलिसानं मागितला तर परवाना दाखवायचा, आणि कायदेशीर आदेश न मानला किंवा अडथळा केला तर मोटार वाहन कायद्याच्या १७९ खाली दोन हजार दंड. तेवढं करून सोडायला हवं होतं, हे मान्य."

मला वाटलं, आता सूनबाई विजयी मुद्रेनं काही बोलणार. त्यांनी उलटंच केलं.

"काका, किल्ली काढणं बेकायदा होतं असं गृहीत धरलं, तरी पुतण्याला हात उचलायचा अधिकार येत नाही. खाजगी संरक्षणाच्या हक्काला एक मोठा अपवाद आहे. जुनं ९९, आता ३७. लोकसेवक आपल्या पदाच्या नात्यानं, सद्भावनेनं काही करत असेल, आणि त्यात मरणाची किंवा गंभीर दुखापतीची भीती नसेल, तर त्याची कृती कायद्यात काटेकोर बसत नसली तरी तुम्हाला बळानं प्रतिकार करता येत नाही. तुमचा मार्ग नंतरचा: तक्रार, कोर्ट. चौकात तुमचं म्हणणं खरं असलं तरी हात खालीच ठेवायचा. मी कोर्टात पोरासाठी लढेन, पण त्याला घरात हेच सांगेन."

"बघा!" आबा म्हणाले.

"थांबा, अजून संपलं नाही. नंतरचा मार्ग म्हणाले ना मी? तो किती रुंद आहे ते बघा. समजा पोलिसानं उलट या पोराला कानफटात मारली. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम १६१ म्हणतं, कर्तव्याच्या नावाखाली केलेल्या अशा कृत्याबद्दल पोलिसाविरुद्धचा खटला सहा महिन्यांच्या आत दाखल व्हायला हवा. त्यानंतर शासनाची मंजुरी असेल तरच, तीही दोन वर्षांच्या आत. आणि पोलिसाची कॉलर धरली तर? दोन वर्षं शिक्षेच्या गुन्ह्याला दखल घ्यायची मुदत तीन वर्षं. जेव्हा शिक्षा पाच वर्षं होती तेव्हा तर मुदतच नव्हती. चौकात एकाच मिनिटाला घडलेल्या दोन गोष्टी. एकाला तीन वर्षं, दुसऱ्याला सहा महिने. त्यातले पहिले तीन महिने ठाण्यात अर्ज घेत नाहीत म्हणून जातात."

"राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे की."

"आहे. तुमच्या चौकातून किती जण तिथवर गेले, आबा?"

आबांनी उत्तर दिलं नाही. मात्र त्यांचा एक मुद्दा मला खोडता आला नाही आणि सूनबाईंनाही. ते म्हणाले, कायदा मंजुरीचं आणि मुदतीचं कवच देतो ते शिपायाला देतो असं तुम्हाला वाटतं. ते साहेबाला मिळतं. शिपायाला चौकातून हलवलं, निलंबित केलं, की त्याचं कवच संपलं. त्याचा व्हिडिओ निघाला की दुसऱ्या दिवशी सकाळी चौकशी लागते. त्याच्यावर हात उचलणाऱ्याचा व्हिडिओ निघाला तर लोक खाली हसण्याचे चेहरे टाकतात.

व्हिडिओचं निघालं तेव्हा सूनबाईंनी वर्ध्याचं प्रकरण सांगितलं. पोलीस ठाण्यात मोबाइलवर चित्रीकरण केलं म्हणून एकावर थेट शासकीय गुपिते अधिनियम लावला होता, जणू तो लष्करी तळ होता. २०२२ साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं सांगितलं, की त्या कायद्यातल्या प्रतिबंधित ठिकाणांत पोलीस ठाणं येत नाही. गुन्हा रद्द झाला. त्याआधी, २०२० च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक ठाण्यात आवाजासकट कॅमेरे बसवायला आणि चित्रीकरण अठरा महिने जपायला सांगितलं होतं.

"ठाण्यात आहे, चौकात नाही," आबा म्हणाले. "चौकात नगरपालिकेचा कॅमेरा आहे, स्टँडच्या गेटवर. आणि मेडिकलच्या दुकानाचा एक आहे. तो रस्त्याकडं तोंड करून आहे, मला माहीत आहे. मीच त्याला लावायला सांगितला होता." ते माझ्याकडं वळले. "सर, घटना कधीची?"

"गेल्या सोमवारची."

"मग आजच अर्ज लिहा. तपासी अंमलदाराच्या नावानं एक, नगरपालिकेला एक, दुकानदाराला एक. पोच घ्या. दुकानदाराचं फार दिवस राहत नाही, त्यावरच नवं चढतं. आणि पोराला नोटिशीच्या तारखेला वेळेवर पाठवा, हिच्याबरोबर. शर्ट इन करून."

"आबा, फुटेज आमच्या बाजूचं निघेल असं तुम्हाला वाटतं?" सूनबाईंनी विचारलं.

"मला वाटतं कॉलर धरलेली दिसेल."

"मला वाटतं नुसती किल्ली दिसेल. बटण तर नाहीच."

"मग मागव की. मलाही बघायचंय."

सूनबाईंनी लेटरहेड काढलं. आबांनी त्यांना मेडिकलवाल्याचं पूर्ण नाव सांगितलं आणि दुकान दुपारी दोन ते चार बंद असतं, हेही.